वजन खोटं लिहायला सांगितलं तर? खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की ख्रिस्ती विश्वासामुळे कामाच्या ठिकाणी, घरात, गावात कुठे अडचण येते ते लिहून पाठवा. सगळ्यात जास्त पत्रं जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आली म्हणून या वेळी तिकडचीच चार घेतलीत. नावं-गावं काढून टाकली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील थोडा बदललाय. पत्रं लांब होती, कापावी लागली, त्याबद्दल राग मानू नका.

प्रश्न : सलाम ताई. मी धरणगाव तालुक्यातला. एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर बसतो, बरीच वर्षं झाली. सीझनला गाड्यांची लाईन लागते, भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, माल खाली झाला की रिकामी गाडी परत काट्यावर, दोन्ही वजनं मी लिहितो आणि पावती फाडतो. मागच्या दोन सीझनपासून शेठनी सांगितलंय की क्विंटलमागे दोन किलो मारायचे, पण पावतीवर कट म्हणून दाखवायचं नाही, रिकाम्या गाडीचं वजनच तेवढं वाढवून टाकायचं. शेतकरी दमलेला असतो, रात्रभर गाडीत झोपलेला असतो, तो बघत पण नाही. सीझन संपला की शेठ मला पाकीट देतात. रविवारी मी चर्चच्या मंडळीत उपासना चालवतो आणि सोमवारी हे करतो. सासऱ्यांना बोललो तर म्हणाले, "तुले काय करनं शे? पाप मालकनं, तू नोकर." घराचा हप्ता आहे, मुलगी बारावीला आहे. नोकरी सोडू का? आणि जे झालं त्याचं काय?

उत्तर : भाऊ, सासरे तुमच्या काळजीपोटी बोलले, पण त्यांचं म्हणणं बरोबर नाही. पाप मालकाचं आहेच, मोठं आहे, तरी पावतीवर अक्षर तुमचं आहे. आकडा तुमच्या हातातून उतरतो आणि शेतकरी मालकाच्या तोंडाकडे नाही तर तुमच्या तोंडाकडे बघून पावती खिशात घालतो.

आधी हिशोब करून बघा, कारण दोन किलो म्हटलं की काहीच वाटत नाही. एका शेतकऱ्याचा १८ क्विंटल कापूस आला, त्यातले ३६ किलो गेले, क्विंटलला ७००० चा भाव धरला तर २५२० रुपये झाले. वेचणीला किलोमागे १० रुपये धरा, म्हणजे २५२ किलो कापूस वेचायची मजुरी त्या एका ओळीत गेली, पाच-सहा बायांनी दिवसभर वाकून बोंडं वेचली त्याची. आणि अशा दिवसाला किती गाड्या होतात ते तुम्हालाच माहिती. बायबलमध्ये नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असं म्हटलंय, लेवीय १९ मध्ये तर माप, वजन, तराजू सगळं नाव घेऊन सांगितलंय, आणि त्याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नको असंही आहे. देवाला काट्यातलं कळतं. आपण मंडळीत या वचनांवर फार कमी बोलतो, सिनेमा बघावा का आणि कपाळाला टिकली लावावी का यावर तासन् तास बोलतो, हे मला मनापासून खटकतं.

आता नोकरी सोडायची का. लगेच नाही. लूकच्या ३ ऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे बाप्तिस्मा घ्यायला येतात आणि विचारतात आम्ही काय करावं. त्या काळात जकातदाराचा धंदा म्हणजे बदनाम धंदा, तरी योहान त्यांना नाका सोडा म्हणत नाही, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका एवढंच म्हणतो. म्हणजे जागा तीच ठेवून हात स्वच्छ करायचा प्रयत्न आधी करायचा, तो जमतच नसेल तर मग पुढचं.

हे शेठला सांगायचं कसं? इथे दानीएलाचा पहिला अध्याय नीट वाचा, सिंहाच्या गुहेच्या आधीचा. बाबेलच्या राजाचं अन्न खायचं नाही हे त्यानं मनात पक्कं केलं होतं पण त्यानं ताट ढकललं नाही, अधिकाऱ्याला विनंती केली. अधिकारी म्हणाला माझंच डोकं जाईल, तर दानीएलानं त्याची भीती समजून घेतली आणि त्याच्या हाताखालच्या कारभाऱ्याला १० दिवस करून बघा असा पर्याय दिला. तुम्ही पण पर्याय घेऊन जा. सीझन सुरू व्हायच्या आधी, दिवाळीपूर्वी, शेठ एकटे असताना, बाकीच्या माणसांसमोर नाही. सरळ सांगा की शेठ, कापूस ओला असेल, कवडी म्हणजे कीड लागून खराब झालेला असेल, तर त्याची कपात भावात करू, शेतकऱ्याच्या समोर ओलाव्याचं मीटर लावू, जो आकडा येईल तो पावतीवर लिहू, तुमचं नुकसान मी होऊ देणार नाही, पण वजन मी खोटं लिहिणार नाही. सीसीआयच्या (भारतीय कापूस निगमच्या) खरेदी केंद्रावर पण ओलावा बघतातच, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, तिथून १२ टक्क्यांपर्यंत जेवढा जास्त तेवढी कपात आणि १२ च्या वर माल परत. ती कपात शेतकऱ्याला आवडत नाही, पण निदान ती त्याच्या डोळ्यासमोर होते आणि तो भांडू शकतो. लपवलेल्या दोन किलोबद्दल तो कुणाशी भांडणार?

आणि धंद्याच्या बाजूनं पण बोला, ते काही पाप नाही. आपल्याकडे कुठल्या जिनिंगचा काटा खरा आणि कुठला खोटा हे बसस्टँडवर बसलेल्या माणसाला पण माहिती असतं, गाड्या त्याप्रमाणे वळतात. गावात जाऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्यांमुळे आधीच जिनिंगला माल कमी येतो, त्यात काटा बदनाम झाला तर अजून कमी येईल. शिवाय वजन-काटे तपासणारे वैधमापनवाले आले, कुणी बाहेरच्या काट्यावर वजन करून दोन्ही पावत्या घेऊन आला, तर पहिलं नाव ज्यानं पावती लिहिली त्याचं निघेल. शेठ त्या दिवशी गावाला गेलेले असतील.

शेठ ऐकतील का? मला माहीत नाही भाऊ, आणि ऐकतीलच असं जो तुम्हाला सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. काहीजण ऐकतात, त्यांना अशाच माणसाची गल्ल्यावर गरज असते. काहीजण म्हणतात उद्यापासून येऊ नको. दानीएलाचे सोबती शद्रख, मेशख, अबेद्नगो मूर्तीपुढे वाका म्हणणाऱ्या राजाला म्हणाले की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात म्हणाले की नाही सोडवलं तरी आम्ही वाकणार नाही. त्या 'नाही सोडवलं तरी' ची तयारी करूनच शेठकडे जा. बायकोशी आधी बोला, तिला नंतर कळलं असं होऊ देऊ नका. मुलीला पण थोडं सांगा, ती बारावीची आहे, लहान नाही. दोन-तीन हप्ते बाजूला ठेवता येतात का बघा, प्रेस विभागात किंवा स्टोअरला बदली मिळते का ते विचारा, दुसऱ्या जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये, केळीच्या पॅकहाऊसला ओळख असेल तर आत्ताच शब्द टाकून ठेवा.

मागचं जे झालं त्याबद्दल. येशूला भेटलेल्या जक्कय जकातदारानं फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हटलं, कुणी मागितलं नव्हतं. तुम्हाला सगळे शेतकरी सापडणार नाहीत आणि मारलेला पैसा शेठकडे गेलाय, तो तुमच्या हातात नाही. पण पाकीट तुमच्याकडे आलं ना? त्या दोन पाकिटांमधले पैसे आधी बाजूला काढा. ज्या गाड्या तुमच्या ओळखीच्या, पंचक्रोशीतल्या होत्या त्यांच्यापासून सुरुवात करा, हळूहळू का होईना. तोंडानं कबूल करणं जड जाईल, तरी नुसता पैसा गुपचूप सरकवण्यापेक्षा ते बरं. ते पैसे दशांश म्हणून मंडळीत मात्र टाकू नका, ते मंडळीचे नाहीत.

आणि आता तुमच्या मंडळीला, हे पत्र ते वाचतील म्हणून. या भावानं खोटं वजन लिहायला नकार दिला आणि त्याची नोकरी गेली तर रविवारी त्याच्यासाठी टाळ्या वाजवून, साक्ष द्यायला, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला लावून त्याला घरी पाठवू नका. घराचा हप्ता कोण भरणार ते कमिटीत ठरवा. गलतीकरांस ६:२ मध्ये एकमेकांची ओझी वाहा म्हटलंय, ते ओझं पुष्कळदा बँकेच्या हप्त्याचं असतं. खरं वागा असा उपदेश पगारी माणसानं पुलपिटवरून रोजंदारीवाल्याला करायचा आणि किंमत एकट्या रोजंदारीवाल्यानं मोजायची, हे मला पटत नाही. सहा महिन्यांचा किराणा आणि हप्ता पन्नास घरांनी वाटून घेतला तर घरटी किती येतो ते काढून बघा. माणूस एकटा असला की झुकतो, मागे लोक आहेत हे माहीत असलं की शेठसमोर आवाज आपोआप स्थिर राहतो.

प्रश्न : प्रेझ द लॉर्ड ताई. मी अमळनेरजवळच्या गावात दिलेली आहे, धाकटी सून. तीन वर्षांपूर्वी आजारपणात प्रभूला ओळखलं, मिस्टर अजून विश्वासात नाहीत पण मला प्रार्थनेला जाऊ देतात, अडवत नाहीत. आमच्याकडे कानबाई, म्हणजे खान्देशातली देवी, बसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी जमते, पुण्याहून, सुरतहून लोक येतात, नैवेद्याचे रोट होतात. मागच्या वर्षी मी बसले नाही तर सासूबाई रडल्या, जेठाणी (थोरली जाऊ) म्हणाली एकीच्या पायी घरावर काही आलं तर? या वर्षी आमच्या प्रार्थनेतल्या एका बहिणीनं सांगितलं की सरळ सांग मी बाजूला बसलेय, म्हणजे कुणी बोलवणारच नाही, भांडण पण नाही. तसं करू का?

उत्तर : नको गं बाई. तसं करू नकोस.

त्या बहिणीनं प्रेमानंच सांगितलं असेल, आणि शेकडो बायका ही अडचण सांगून कितीतरी गोष्टींमधून सुटतात हे मलाही माहिती आहे. पण तू बघ काय होतं. ज्या प्रभूनं सांगितलं की तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, त्याच्यासाठी म्हणून तू खोटं बोलणार. आणि ते किती वर्षं चालेल? दर श्रावणात त्याच रविवारी तुझी पाळी येते हे जेठाणीच्या लक्षात यायला दोन वर्षं पुरे. मग तुझ्या बाकीच्या सगळ्या खऱ्या बोलण्यावर पण शंका येईल, तू येशूबद्दल जे सांगशील त्यावर पण.

आता खरं काय सांगायचं ते. आधी हे समजून घे की सासूबाई तुझा छळ करत नाहीयेत. कुणी घराबाहेर काढलं, मारलं, पोरं हिसकावली तर तो छळ, आणि तसं कधी झालं तर सहन करत बसायचं नाही, लगेच माहेरच्यांना, मंडळीला, गरज पडली तर पोलिसांना सांगायचं. पण सासू रडली याला छळ म्हणू नकोस. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धान्य मोजून घेतात, ते घरच्या जात्यावर दळतात, त्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. म्हणजे त्या माउलीसाठी तो सण म्हणजे आपलं कुटुंब अजून एक आहे याची मोजणी आहे. तू उठून गेलीस तेव्हा तिला वाटलं सून हातची गेली. तिचं हे दुःख खरं आहे, त्याला खोटं म्हणू नकोस आणि तिच्या देवाबद्दल घरात वाकडा शब्द बोलू नकोस.

मग श्रावण लागायच्या आधी, आषाढातच, तिच्याजवळ बस. पाहुण्यांनी घर भरल्यावर नाही. मिस्टरांना आधी सांग, ते सोबत असतील तर फारच चांगलं. सांग की आई, मी येशूची झालेय, पूजेला आणि आरतीला मी हात जोडणार नाही, मनात एक आणि हातात एक मला जमणार नाही. पण घर तुमचं तसं माझं पण आहे. आणि मग काम अंगावर घे. घर सारवणं, रंग काढणं, गोधड्या नि भांडी धुणं, तीस-चाळीस माणसांचा स्वयंपाक, पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी, पोरं सांभाळणं. दरवर्षी या कामापायी जेठाणीची कंबर जाते, ती तू वाचवलीस तर तिच्या तोंडचं बोलणं बदलेल. प्रार्थनेला जायचं म्हणून कामातून सुटणारी सून असा शिक्का बसला तर साक्ष कसली?

रोटाचं धान्य दळायचं का, हा बारीक प्रश्न आहे आणि विश्वासणाऱ्यांमध्ये याबद्दल एकमत नाही. प्रेषित पौलानं १ करिंथ ८ आणि १० मध्ये मूर्तीच्या नैवेद्याबद्दल लिहिलंय ते दोन्ही अध्याय सलग वाच. मूर्ती काही नाही हे तो म्हणतो, बाजारात विकतात ते विचारत न बसता खा हे पण म्हणतो, आणि कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नको हेही म्हणतो. माझं मत विचारशील तर दळणं सासूबाईंच्या मनात पूजेचाच भाग असेल तर बसू नकोस, आणि त्या म्हणाल्या की अगं हे नुसतं काम आहे तर तुझ्या मनाला विचार. मन टोचत असेल तर थांब. जी बहीण दळते तिला तू नावं ठेवू नकोस आणि जी दळत नाही तिनं तुला ठेवू नयेत, रोमकरांस १४ त्यासाठीच आहे.

नामान सेनापतीची गोष्ट तुला आठवते का, २ राजे ५? कुष्ठरोगातून बरा झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो तेव्हा मला पण वाकावं लागतं, परमेश्वरानं याची मला क्षमा करावी. अलीशा त्याला रागावत नाही, शांतीनं जा म्हणतो. याचा अर्थ तू पण वाक असा मी काढत नाही. पण परक्या घरात एकटी पडलेली विश्वासणारी देवाला दिसते आणि तो तिच्यावर हातात छडी घेऊन उभा नाही, एवढं त्यातून नक्की निघतं.

मिस्टरांच्या मागे लागू नकोस. आपले कवी नारायण वामन टिळक, १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर फुटल्यासारखं झालं, लक्ष्मीबाई किती वर्षं दूर राहिल्या, माणसं काय काय बोलली. पुढे त्या परत आल्या आणि १९०० ला त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या मनानं, नवऱ्यानं ओढून नेलं म्हणून नाही. घरात दोन मनं असताना वर्षं जातात. जाऊ देत.

एक व्यावहारिक गोष्ट. रविवारी दुपारी आणि सोमवारी सकाळी विसर्जनाला बायका नाचत-गात निघतात तेव्हा तुला खूप एकटं वाटेल, मागच्या वर्षी वाटलं असेलच. तुझ्या मंडळीतल्या कुणा बहिणीला सांगून ठेव की त्या दोन दिवसांत मला फोन कर. त्यांनी पण विसरू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. भुसावळकडची आमची छोटी मंडळी आहे, मी खजिनदार. रेल्वेतून रिटायर झालो म्हणून मला केलं. चर्चच्या छताचे पत्रे बदलले, काम झालं ६० हजाराच्या आसपास, पण पाळक मला ९० हजाराचं बिल फाईलला लावायला सांगतायत. बाकीचे पैसे कुठे गेले विचारलं तर म्हणतात सेवेला लागले, देवाच्या माणसाला प्रश्न विचारू नये. कमिटीतले दोघं म्हणाले तुम्हाला रेल्वेची सवय लागलीय, इथे विश्वासावर चालतं. बाहेरचे लोक आधीच आपल्याला बोलतात, त्यात मी बोंब मारली तर प्रभूच्या नावाला बट्टा लागेल का?

उत्तर : बट्टा लागलाय तो बिलानं लागलाय साहेब. तुम्ही बोलल्यानं लागणार नाही.

मला हे पत्र वाचून जास्त त्रास झाला. जिनिंगच्या शेठनं खोटं लिहायला सांगावं हे समजू शकते, त्यानं कधी पवित्र असल्याचा दावा केला नव्हता. पण तोच खेळ प्रार्थना करून सुरू झालेल्या मीटिंगमध्ये? 'विश्वासावर चालतं' हे वाक्य पैशाबद्दल कुणी म्हटलं की तिथेच थांबून वही मागावी. पौलापेक्षा मोठा विश्वासू कोण आणायचा? यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा त्यानं ती एकट्यानं नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली आणि कारण पण लिहून ठेवलं, २ करिंथ ८:२०-२१, की एवढ्या मोठ्या रकमेबद्दल आम्हाला कुणी दोष देऊ नये, फक्त प्रभूच्या नाही तर माणसांच्या नजरेत पण जे चांगलं ते आम्ही बघतो.

तुमचे कमिटीवाले कदाचित २ राजे १२ पुढे करतील, योआश राजाच्या वेळी मंदिराची डागडुजी झाली तेव्हा कामावरच्या लोकांकडून हिशोब मागत नव्हते कारण ते प्रामाणिकपणे वागत होते. बरोबर आहे, १५ वं वचन. पण त्याआधीचं १० वं वाचायला सांगा. पेटीत पैसे जास्त झाले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून यायचे, मोजायचे, थैलीत बांधायचे. दोन वेगळ्या बाजूंची दोन माणसं. आणि ती व्यवस्था आली कुठून, तर आधी याजकांकडे पैसे दिले होते आणि वर्षानुवर्षं डागडुजी झालीच नव्हती म्हणून.

करायचं काय? ते बिल लावू नका आणि कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. पत्रेवाल्याकडून खरं बिल मागून घ्या. जे विचारायचं ते आधी पाळकांना एकट्यात विचारा, नाही ऐकलं तर एक-दोन जणांना सोबत घेऊन, मग मंडळीसमोर, मत्तय १८ चा क्रम. प्रत्येक वेळचं तारखेसह वहीत लिहा. तुमची मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली दरवर्षी हिशोब तपासून घेणं बंधनकारक आहे, त्यात खजिनदाराची सही असली की जबाबदारी तुमच्यावर पण येते, आणि मंडळीत कुणीच ऐकलं नाही तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे जाणं म्हणजे अविश्वास नाही. रोमकरांस १३ आपण सरकारबद्दल वाचतो तेव्हा त्यात हे कार्यालय पण येतं.

रेल्वेची सवय लागली म्हणाले ना, लागू द्या. ती चांगली सवय आहे. पदावरून काढलं तर वह्यांच्या झेरॉक्स ठेवून, सही-शिक्क्यानिशी चार्ज देऊन बाजूला व्हा आणि रविवारी नेहमीच्या जागेवर जाऊन बसा. मंडळी सोडू नका. खरा माणूस निघून गेला की मागे कोण उरतं ते तुम्हीच बघताय.

प्रश्न : सलाम. मी नवापूर तालुक्यातला, मावची आदिवासी, आमच्या आजोबांपासून ख्रिस्ती. मुलगा १२ वी झाला, ॲडमिशनचे, स्कॉलरशिपचे फॉर्म भरतोय. सायबर कॅफेवाल्यानं सांगितलं धर्माच्या रकान्यात हिंदू टाक, ख्रिश्चन टाकलं तर एसटीचं, म्हणजे अनुसूचित जमातीचं, जातं, लफड्यात पडशील. मुलगा म्हणतो पप्पा नुसता रकाना आहे, मनात तर येशू आहे. काय करायचं?

उत्तर : दादा, कॅफेवाल्यानं दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. अनुसूचित जातींचा १९५० चा जो आदेश आहे त्यात धर्माची अट आहे, हिंदू, शीख आणि बौद्ध, शीख १९५६ ला घातले, बौद्ध १९९० ला. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी धर्माची अट नाही. त्यामुळे एससीचं ऐकलेलं लोक एसटीला चिकटवतात आणि पोरं घाबरतात. धर्म बदलला म्हणजे जमात आपोआप गेली असं होत नाही, केरळच्या एका खटल्यात २००४ ला सुप्रीम कोर्टानं हेच धरलं, मात्र माणूस अजून त्या जमातीचा भाग आहे का, रीतीरिवाज, नातीगोती, हे पुराव्यानं बघावं लागतं असंही म्हटलं. म्हणून कागद जपा. आजोबांचा, पणजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंदी, जुना जातीचा दाखला, जे मिळेल ते लॅमिनेट न करता फाईलला ठेवा, पडताळणीला मूळ कागद लागतात. आणि ख्रिस्ती झालो म्हणून मावची बोलणं, नात्यातल्या लग्नाला-मयताला जाणं सोडू नका. ते आपलंच आहे, देवानंच दिलेलं.

आता मुलाचं म्हणणं. बेटा, रकाना लहान आहे हे खरं. पण तू आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर स्वतःच्या हातानं स्वतःबद्दल लिहितोयस, आणि घाबरून खोटं लिहिलंस तर पुढच्या प्रत्येक कागदावर तेच खोटं जुळवत बसावं लागेल, दाखल्यावर एक, फॉर्मवर एक, चर्चच्या लग्नाच्या रजिस्टरला तिसरं. खरंच लफड्यात पडायची वेळ आली तर ती या न जुळणाऱ्या कागदांनीच येते. तुझ्या आजोबांच्या काळात त्या भागात ख्रिस्ती म्हणवून घेणं सोपं नसेल, तरी ते मोकळेपणानं ख्रिस्ती राहिले म्हणून आज तू उपासनेला जातोस.

पण दादा, तुम्हाला एक सांगते. आसपास वातावरण खराब असेल, कुणी खरोखर धमकी दिली असेल, तर पोराला एकट्याला पुढे करू नका. तहसीलला, आदिवासी प्रकल्प कार्यालयाला तुम्ही स्वतः सोबत जा, मंडळीतला एखादा शिक्षक, वकील, जाणता माणूस घ्या. जातीचा दाखला आणि पडताळणीचं वकिलाला एकदा दाखवून घ्या. कुणी कार्यालयात तोंडी म्हणालं की होणार नाही, तर भांडू नका, शांतपणे म्हणा की साहेब हे लेखी द्या. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. फॉर्म भरताना कॅफेवाल्यानं सवयीनं आधीच हिंदू टाकून ठेवलेलं असतं, पुष्कळ वेळा असंच होतं, म्हणून सबमिट दाबायच्या आधी मुलानं स्क्रीनवर स्वतः प्रत्येक रकाना वाचावा, चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्यावं आणि प्रिंट काढून तुमच्या फाईलला लावावी.